शून्याचं टोक

फायनलच्या दिवशी त्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नसे, हे आता वेगळं सांगायला नको. निळ्यांचा आणि तांबड्यांचा कपचा सामना ठरला की आठवडाभर आधीच घरात दोन तट पडायचे. मैदानाच्या बोर्डावर गोलांचे आकडे लावायचं काम आबांच्या धाकट्या मुलाकडे होतं. तो कपाटाच्या तळातून निळा शर्ट काढून झटकायचा. त्याच्या पाठची बहीण लग्नाआधी निळी होती आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर तांबडी झाली. ही गद्दारी तिच्या भावाने बारा वर्षांत एकदाही तिला विसरू दिली नव्हती. जावईबापू तर जन्माचेच तांबडे. बस चालवायचे, आणि फायनलच्या दिवशी रजा मिळाली नाही तर आजारी पडायचे. आत्याचं बरं होतं. जो हरत असेल तो तिचा, त्यामुळे तिची बाजू एका सामन्यात तीनदासुद्धा बदलायची.

राहिले आबा. चाळीस वर्षं या मैदानाची रेघ न् रेघ आबांनी आखली, गवत कापलं, रोलर ओढला, पण ते स्वतः कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळे 'आपण' म्हणायचे. आपण जिंकणार, आपला गोलकीपर लंगडतोय, आपल्याला रेफरीने बुडवलं. आबा दोघांनाही 'ते' म्हणायचे. "ते निळे आले का सरावाला?" "त्या तांबड्यांना सांगा, नळ नीट बंद करा." मागे दाढ काढली तेव्हा आबा गुंगीत होते. जावईबापूंनी तेवढ्यात कानाशी वाकून विचारून घेतलं, "आबा, आज आपण जिंकलो का?" आबा डोळे मिटून म्हणाले, "कोण, ते?" त्यानंतर जावईबापूंनी नाद सोडला.

तर यंदा आबांचे गुडघे गेले. बसले की उठता येईना, उठले की बसता येईना. मैदानाच्या मंडळाचे सेक्रेटरी एक दिवस आले, रोलरच्या शेडमध्ये उभ्याउभ्या चहा प्यायले आणि म्हणाले, "आबा, हा हंगाम शेवटचा करू या. एक कंपनी आहे, मशीनने आखून देते. सकाळी येतात, दुपारी जातात." आबा म्हणाले, "माझी सून आहे की." सेक्रेटरींनी सुनेकडे पाहिलं. ती तेव्हा पाठमोरी बसून चुना चाळत होती. "बघू," ते म्हणाले. "फायनलला एक टोक तिला एकटीला आखू द्या. मग ठरवू."

म्हणजे प्रश्न नुसत्या कामाचा नव्हता. स्टँडच्या मागच्या तीन खोल्या त्या कामाबरोबर होत्या. धाकटी, म्हणजे ही सून, नव्याने आली तेव्हा तिला त्या खोल्यांचं हसू आलं होतं, कारण खिडकी उघडली की समोर कॉर्नरचा झेंडा. आता आठ वर्षांनी तिला त्याच खिडकीतून मैदान बघितल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. काम गेलं तर खिडकीही गेली. आणि खरं सांगायचं तर तिला ते काम हवंच होतं. कोणाची सून म्हणून नको, तिला ते जमत होतं म्हणून हवं होतं.

ती मोजणीदाराची मुलगी. माहेरून येताना तिने शंभर फुटी पोलादी टेप आणली होती, आणि पहिल्याच महिन्यात आबांना ती दाखवली होती. आबांनी टेप उलटसुलट करून पाहिली, कौतुक केलं आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवून ठेवली. ती तिथेच राहिली. जावईबापू तेव्हापासून तिला टेपवाली वहिनी म्हणत. आबांचं सगळं काम दोरीवर. आबांच्या वडिलांनी वळलेली सुती दोरी, मेणात बुडवून काढलेली, काळी पडलेली. तिच्यावर गाठी. दहाची गाठ मैदानाच्या मधल्या वर्तुळासाठी, बाराची गाठ पेनल्टीच्या ठिपक्यासाठी, अठराची बॉक्ससाठी. आकडे यार्डांचे. दोरीच्या एका टोकाला कडी, त्याला आबा शून्याचं टोक म्हणत.

आखणीला माणसं दोन लागत. एकाने गोलरेषेवर गुडघे टेकून शून्याचं टोक जमिनीला दाबून धरायचं. दुसऱ्याने गाठ चिमटीत धरून ताठ चालत जायचं आणि दोरी ताणली गेली की खूण करायची. त्या वेळी बोलायचं नाही, फक्त दोन शब्द. 'धर' आणि 'चाल'. आबा 'धर' म्हणाले की धाकटी खाली बसायची. आणि तिने कडी नीट दाबली की ती म्हणायची, "चाला." आठ वर्षं तिने फक्त धरलं होतं.

आदल्या दिवशी सकाळी मैदानाचं घड्याळाकडचं टोक आबांनी आखलं, तेही कसंबसं. बॉक्सच्या कोपऱ्यांना जमिनीत लोखंडी खुंट्या पुरलेल्या असल्यामुळे तिथे चूक व्हायला जागाच नव्हती. ठिपक्याचं तसं नसतं. तिथलं गवत दर सामन्यात उखडतं, म्हणून सेमीफायनलनंतर दोन्ही ठिपक्यांवर नव्या गवताचे तुकडे बसवले होते आणि जुनी खूण पार गेली होती. नळाकडचं टोक धाकटीसाठी ठेवलं होतं. ते तिने फायनलच्या सकाळी आखलं, एकटीने. शून्याच्या कडीत खुंटी ठोकून सेक्रेटरींच्या देखत बाराची गाठ चिमटीत घेऊन ती चालत गेली. टेप घ्यावी असं एकदा मनात आलं होतं. पण आबांचा शेवटचा हंगाम, आणि दोरी त्यांनी आदल्या सकाळीच स्वतःच्या हाताने तिच्या हवाली केलेली. आज तरी नको, असं ती स्वतःला म्हणाली. दोरी जरा हलकी लागली, स्वच्छही; आबांनी शेवटच्या सामन्यासाठी पुसून ठेवली असेल, असं तिला वाटलं. ते तिने मनावर घेतलं नाही.

रेफरी आले, त्यांनी दोन्हीकडे गोलरेषेपासून बारा पावलं टाकली, मान डोलावली आणि गेले. सेक्रेटरी म्हणाले, "छान." एवढंच. पण धाकटी त्या एका शब्दावर दुपारपर्यंत तरंगत होती.

*

सामना दुपारी सुरू झाला. घरच्यांची जागा ठरलेली, नळाजवळच्या शेडपुढचा बाक. आबा एका कडेला, मध्ये आत्या, मग वन्सं आणि जावईबापू, आणि धाकटी उभी, कारण कधी कोणता झेंडा पडेल सांगता येत नाही. तिचा नवरा समोरच्या बोर्डावर शिडीवर बसला होता. पहिल्या सत्रात तांबडे नळाकडच्या गोलावर मारत होते, म्हणजे बाकाच्या अगदी समोर, त्यामुळे जावईबापूंची चंगळ होती.

"वहिनी, रेघा काय उठल्यात. आमचे लोक चुकून बाहेर जाणारच नाहीत."

"तुमचे लोक आत तरी कुठे येताहेत?" धाकटी म्हणाली.

वन्सं हसली आणि लगेच नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

अर्धा तास झाला तरी गोल नाही. आत्या कंटाळली. कोणीच हरत नव्हतं, तेव्हा तिला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. ती धाकटीचा हात हातात घेऊन बघत म्हणाली, "आज हात कसे स्वच्छ राहिले बघ तुझे. नाहीतर त्या दोरीने कोळशासारखे होतात."

"आज दोरी स्वच्छच होती."

"असणारच. काल दुपारी सगळ्यांचे कपडे काढले धुवायला, तेव्हा म्हटलं आबांचा शेवटचा सामना, हिला तरी का मळकी ठेवायची. सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातली. काय मेण निघालंय तिचं, विचारू नकोस. तीन पाणी बदलली. मग संध्याकाळपर्यंत तारेवर वाळवली." आत्या स्वतःवर खूश होती. "रात्री गुपचूप खिळ्याला लावून ठेवली. म्हटलं, बघू कोणाच्या लक्षात येतं का."

धाकटीने हात सोडवून घेतला.

सुती दोरी उकळत्या पाण्यातून काढली, मेण गेलं, उन्हात वाळली, तर ती आटणार, हे कोणा मोजणीदाराच्या मुलीला सांगायला नको. ती शेडमध्ये गेली. दोरी काढली, टेप काढली, भिंतीलगत दोन्ही जमिनीवर पसरल्या. बाराची गाठ छत्तीस फुटांवर यायला हवी. ती पस्तिसावर होती. तिने पुन्हा मोजलं. पस्तीसच. एक वीत आणि चार बोटं कमी. घड्याळाकडचा ठिपका दोरी धुण्याआधीचा, म्हणजे बरोबर. नळाकडचा, तिचा एकटीचा, सेक्रेटरींच्या देखत आखलेला, तोच तेवढा गोलाच्या जवळ सरकलेला.

ती बाहेर आली आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली.

बॉक्समध्ये तांबड्यांचा एकजण आडवा पडला होता आणि रेफरीचं बोट ठिपक्याकडे होतं. तिच्या ठिपक्याकडे. जावईबापू बाकावर चढले होते. निळे खेळाडू रेफरीभोवती गोळा होऊन हात उडवत होते, म्हणजे तिला वेळ होता. दहा-पंधरा सेकंद तरी होता. ओरडायचं, धावत जायचं, काहीही. पण ती शेडच्या दारात नुसती उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सेक्रेटरींचं 'छान' आलं, खिडकी आली, आबांची चाळीस वर्षं आली.

चेंडू गोलात गेला. निळ्यांच्या गोलकीपरच्या बोटांना लागून गेला, हे बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. समोर बोर्डावर तिच्या नवऱ्याने शून्याची पाटी काढून एकची पाटी लावली, आणि ती एवढ्या रागाने आपटली की आवाज इथपर्यंत आला.

"निसटला गं," आत्या हळहळली. आता ती निळी झाली होती. "वीतभर लांबून आला असता तर धरलाच असता त्याने."

*

हाफटाइमची शिट्टी झाली आणि नवरा शिडीवरून उतरून, मैदानाला वळसा घालून बाकाशी आला. त्याला भांडायचं होतं, मेव्हण्याशी. पण धाकटीने त्याचा हात धरून त्याला शेडमध्ये ओढलं आणि दोरी आणि टेप दाखवली.

त्याने वाकून गाठीपासून छत्तीसपर्यंत बोट फिरवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, कोणाला बोलू नकोस."

"अहो, त्या ठिपक्यावरून गोल झालाय."

"झाला ना? आता दुसऱ्या सत्रात आपण याच टोकाला मारणार. आपल्यालाही पेनल्टी मिळाली तर याच ठिपक्यावरून. फिटंफाट. आत्ता तू तो मागे सरकवलास, तर त्यांना जवळून आणि आपल्याला लांबून. हा कुठला न्याय?"

त्याच्या बोलण्यात अगदीच काही तथ्य नव्हतं असं नाही.

"कसला न्याय?" दारात जावईबापू उभे होते, मागे वन्सं. त्यांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा टेपकडे, आणि बस चालवणाऱ्या माणसाला अंतर कळायला वेळ लागत नाही. "वहिनी, हे ताबडतोब दुरुस्त करायला पाहिजे. खेळ म्हणजे खेळ. चूक ती चूक."

"गोल झाला तेव्हा बाकावर नाचत होतास, तो खेळ कुठला होता?" नवऱ्याने विचारलं.

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आणि आता कळल्यावर तो गोल परत देतोस का?"

जावईबापूंनी याचा थोडा विचार केला. "गोल झाला तो झाला," ते म्हणाले. "आपण पुढचं बघू."

आता वन्सं भावाकडे वळली. "दादा, तू काय म्हणतोस ते मला पटतंय." जावईबापूंनी चमकून पाहिलं. बारा वर्षांत ती पहिल्यांदा भावाच्या बाजूने बोलली होती. "तुला निळ्यांची पडलीय, मला वहिनीची. तिने आता तोंड उघडलं तर सेक्रेटरी उद्याच त्या मशीनवाल्यांना बोलावतील. मग आबा कुठे जाणार? आमच्या दीड खोलीत?"

"मीच सांगते सेक्रेटरींना," आत्या म्हणाली. ती कधी आत आली ते कोणाला कळलं नव्हतं, आणि तिचा चेहरा पडला होता. "मी धुतली. म्हातारीची अक्कल, म्हणावं. तिला कशाला बोल?"

"आत्या, गाठ माझ्या हातात होती," धाकटी म्हणाली.

सगळे एकदम बोलायला लागले. नवरा मेव्हण्याला ढोंगी म्हणाला, जावईबापू त्याला लबाड म्हणाले, वन्सं दोघांनाही काय ते म्हणाली. धाकटी त्यांच्यामधून वाट काढून बाहेर आली. आबा एकटेच बाकावर बसून मोकळ्या मैदानाकडे बघत होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली.

"आबा, माझा ठिपका चुकलाय. दोरी धुतली होती, ती आटली."

आबांनी मान वर केली नाही. "किती?"

"एक वीत चार बोटं."

"कमी?"

"कमी."

शेडमधून भांडणाचा आवाज येत होता. आबांनी गुडघ्यावरचा हात उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

"तुला हे कधी कळलं?"

हा प्रश्न ते विचारतील असं तिला वाटलं नव्हतं. "पेनल्टीच्या आधी. जरासंच आधी. मी ओरडले नाही." तिने ठिपक्याकडे पाहिलं. "घाबरले, आबा."

"हं," आबा म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते, पण नजर हलत नव्हती. "आणि आता कळून वीस मिनिटं झाली. मग इथे काय करतेयस?"

*

रेफरी एका शाळेत गणित शिकवायचे. पाय पाण्याच्या बादलीत सोडून ते बसले होते. धाकटीचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. शेजारी सेक्रेटरी होते, आणि त्यांचा चेहरा बघायचं धाडस तिला झालं नाही.

"गोल लागला, त्यानंतर खेळ पुन्हा सुरू झाला," रेफरी म्हणाले. "आता तो रद्द होत नाही. खूण मात्र सरकवावी लागेल." त्यांनी पाय बादलीतून काढले. "मीही पावलंच मोजली होती. गणिताचा मास्तर असून. दोन्ही कप्तानांना मी सांगतो. पाच-सहा मिनिटं आहेत. कोण करणार?"

"कंपनीवाले आज आलेत, स्टँडमध्ये बसलेत," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांच्याकडे..."

"मी करते," धाकटी म्हणाली. "चूक माझी आहे."

एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात जुना ठिपका झाकायला मातीत कालवलेलं कापलेलं गवत, आणि खांद्यावर टेप, अशी ती मैदानात उतरली. लाउडस्पीकरवरून जाहीर झालं की नळाकडच्या पेनल्टीच्या खुणेची दुरुस्ती होत आहे. मग निळ्यांच्या स्टँडला त्याचा अर्थ कळला, आणि जी शिट्ट्यांची नि ओरडण्याची झोड उठली ती विचारू नका. "आता सुचलं का?" "तांबड्यांची सून!" तिला हसावं की रडावं कळेना. तिचा नवरा बोर्डावर निळा शर्ट घालून बसला होता, आणि तांबड्यांची सून ती.

ठिपक्यावर तिने गवत पसरलं, हाताने थापलं. उठली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नाही. खुंटी शेडमध्ये राहिली होती. शेड सत्तर पावलांवर. वेळ चार मिनिटं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो समोरच्या टोकाला, शिडीवर परत चढलेला.

आणि मग स्टँडचा आवाज कमी कमी होत गेला. तिने वळून पाहिलं, तर आबा येत होते. काठी न घेता, एकेक पाऊल टाकत. चाळीस वर्षांत दोन्ही स्टँडनी या माणसाला पाठमोराच पाहिला होता, वाकलेला, रोलरमागे. त्याच्यावर शिट्टी कोण मारणार?

आबा गोलरेषेपाशी थांबले. गोलपोस्टला हात लावला. मग एक गुडघा, मग दुसरा, असे ते खाली बसले, आणि बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो धाकटीला ऐकू गेला.

"आबा, नका. तुम्ही टेप घेऊन चाला, मी धरते."

आबांनी हात पुढे केला. तिने टेपची कडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गोलरेषेवर ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली.

"चाल," ते म्हणाले.

ती चालली. टेप तिच्या मागे करकरत उलगडत गेली. छत्तीसवर ती थांबली, ताण घेतला, वाकली, चुन्याचा ठिपका काढला. नंतर परत येऊन तिने आबांना दोन्ही काखांत हात घालून उठवलं, त्यांचे गुडघे झटकले, आणि दोघं सावकाश बाकाकडे निघाली.

*

दुसऱ्या सत्रात पेनल्टी झालीच नाही. सगळं मैदान त्या ठिपक्याकडे डोळे लावून बसलं होतं, आणि चेंडू त्याच्या आसपासही फिरकेना. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा कॉर्नरवरून आलेला चेंडू निळ्यांच्या उंच पोराने डोक्याने आत ढकलला. एक-एक. नवऱ्याने एकची पाटी लावताना अगदी हळुवार हाताने लावली. आत्या लगेच तांबडी झाली. जादा वेळही तसाच गेला, आणि मग रेफरीने नाणं उडवलं. पेनल्टीचे फटके नळाकडच्या टोकाला.

म्हणजे दोन्ही संघांनी पाळीपाळीने चेंडू तिच्या ठिपक्यावर ठेवला, मागे गेले, धावत आले. प्रत्येक वेळी धाकटी श्वास धरून उभी. आबा तिच्या शेजारी उभे होते, कारण आता ते पुन्हा बसू शकत नव्हते. एक हात तिच्या खांद्यावर. तांबड्यांचे पाचही आत गेले. निळ्यांचे चार. पाचवा त्यांच्या कप्तानाचा होता, आणि तो गोलाच्या वरून नळाच्या पलीकडे गेला.

त्या क्षणी आबांची बोटं तिच्या खांद्यात रुतली. एवढ्या जोराने की ती कळवळली. तिने मान वळवली, पण आबा समोर बघत होते, नेहमीसारखे, चेहऱ्यावर काही नाही. बोटं हळूहळू सैल झाली.

जावईबापूंनी सगळ्यांना मिठ्या मारल्या, मेव्हण्यालासुद्धा, आणि मेव्हण्याने ती सहन केली. वन्सं म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी," आणि तो म्हणाला, "तू बोलू नकोस," पण हसला. आत्या दोरीकडे बघायला तयार नव्हती. जावईबापूंनी तिला विचारलं की आता बसच्या सीटा धुवायला येणार का, तेव्हा कुठे ती हसली.

लोक पांगले. उन्हं उतरली. सेक्रेटरी शेडमध्ये आले, चहा घ्यायला नाही म्हणाले, मग घेतला.

"कंपनीवाल्यांना परत पाठवलं," ते म्हणाले. "त्यांचं मशीन चुकलं असतं, तर मला येऊन कोणी सांगितलं नसतं." कप खाली ठेवून ते धाकटीला म्हणाले, "शेडची किल्ली आबांकडून घे. आणि टेप वापर."

ते गेले. बाकीचे खोल्यांकडे गेले. तिथून नवऱ्याचा आणि जावईबापूंचा आवाज येत होता, गोलकीपरच्या बोटांबद्दल. आबांनी दिलेली किल्ली धाकटीने खिशात ठेवली. ती अजूनही खरी वाटत नव्हती. मग ती दोरी गुंडाळायला लागली.

"गुंडाळू नकोस," आबा म्हणाले. "आटायची तेवढी आटली. आता पुन्हा नाही आटणार. जुन्या गाठी सोड, नव्या घाल."

"आता टेपच वापरायची ना, आबा?"

"टेपच वापर. पण दोरी खोटी ठेवायची नाही."

तिने टेप भिंतीलगत पसरली, शेजारी दोरी. आबा कसेबसे स्टुलावर टेकले आणि शून्याचं टोक त्यांनी काठीने जमिनीला दाबून धरलं. ती वाकून बाराची जुनी गाठ नखाने सोडवू लागली. आबांच्या वडिलांच्या हातची, पन्नास-साठ वर्षांची गाठ, सुटता सुटेना. बाहेर नळ ठिबकत होता. कोणीतरी तांबडा शेवटी नीट बंद न करता गेला होता.

"थोडक्यात हरलो गं आपण," आबा म्हणाले.

धाकटीचा हात थांबला. तिने वर पाहिलं. आबा काठीच्या टोकाकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली थोडंसं हसू होतं, चोरी पकडल्यासारखं.

तिला सगळं एकदम कळलं. गोलकीपरच्या बोटांना लागून गेलेला चेंडू, ती एक वीत चार बोटं, आणि गोलरेषेवर टेकलेले ते दोन गुडघे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने येऊ दिलं.

"कोणाला बोलू नकोस," आबा म्हणाले.

"नाही बोलणार."

गाठ सुटली. तिने दोरी ताणून छत्तीसवर आणली.

"धरलंय?" तिने विचारलं.

"धरलंय," आबा म्हणाले. "चाल."